न वाजलेला भोंगा

"भोंगा वाजला होता काय, एवढंच सांगा मॅडम. बाकी मला काय नको."

सुधाकर शिगवणच्या चेहऱ्याचा डोळे आणि ओठ एवढाच भाग पट्ट्यांबाहेर राहिला होता. ते डोळे माझ्यावर रोखलेले होते. मी खुर्ची ओढून बसले होते खरी, पण बघायचं कुठे तेच मला कळत नव्हतं. जळीत वॉर्डात मी आयुष्यात पहिल्यांदाच पाय ठेवला होता. मलमाचा आणि फिनेलचा वास घशात जाऊन बसला होता.

"ते शोधायलाच मला नेमलंय," मी म्हणाले. "तुम्हाला काय आठवतं ते आधी सांगा."

"दुसऱ्या रिअ‍ॅक्टरचे आकडे बघत होतो. त्यात माल भरणं चालू होतं ना. एवढं आठवतं. मग एकदम ही खाट." तो दम घेऊन पुढे म्हणाला, "सगळे म्हणतात, भोंगा बोंबलत होता नि मी झोपलो होतो. डबल ड्युटी झालेली माझी. झोपलो असंन पण. झोपलेल्या माणसाला कसं कळणार ओ, आपण झोपलो होतो का ते?"

पलंगाच्या पायाशी त्याची बायको विनया उभी होती. हातात मोसंबीच्या रसाचा पेला. तो तिने पुढेही केला नाही आणि खालीही ठेवला नाही.

"इकबाल नि बाबू कुठल्या वॉर्डात आहेत, ते पण मला कोण सांगत नाय," शिगवण म्हणाला.

विनयाने माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली. इकबाल परकार आणि बाबू भुवड हे दोघे स्फोटाच्या वेळी रिअ‍ॅक्टरपाशी होते. ते कुठल्याच वॉर्डात नव्हते.

"मला कळलं की सगळ्यात आधी तुम्हाला येऊन सांगेन," मी त्याला म्हणाले. असली आश्वासनं मी कुणाला देत नसे. त्या दिवशी दिलं, कारण मला तिथून उठायचं होतं.

बाहेर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काय विचारायचं असेल ते लवकर विचारून घ्या.

मी तेव्हा सरकारी तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवत असे. एक अर्धविराम राहिला तरी मी मार्क कापायचे, म्हणून मुलं मला पाठीमागे 'अर्धविराम बाई' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. खाडीकाठच्या त्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि चौकशी समिती बसली, तेव्हा कॉम्प्युटर कळणारं एखादं माणूस हवं म्हणून मला घेतलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. पहिल्याच बैठकीत ते मला म्हणाले, "तुम्ही फक्त यंत्र चालू होतं एवढं बघा, पालेकरबाई. बाकी चित्र स्पष्ट आहे."

चित्र असं होतं. कारखान्यात दोन रिअ‍ॅक्टर होते, म्हणजे रसायनं तापवायची दोन मोठी बंद भांडी. दोन्हींचं तापमान नियंत्रण कक्षातला कॉम्प्युटर सतत बघायचा. ते हद्दीबाहेर गेलं की भोंगा वाजायचा, आणि कक्षातल्या ऑपरेटरने वाफ बंद करून थंड पाणी सोडायचं. पडद्यावर एका वेळी एकाच रिअ‍ॅक्टरचे आकडे दिसत. दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं ते भोंग्याच्या भरवशावर. त्या पहाटे पहिला रिअ‍ॅक्टर तापत गेला आणि फुटला. ऑपरेटर शिगवण. भोंगा शाबूत होता. म्हणजे तो झोपला होता. इतकं सोपं.

मला सोप्या गोष्टींचा राग येतो. चांगुलपणा म्हणून नव्हे, स्वभावच तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले. नियंत्रण कक्षाच्या काचा फुटल्या होत्या, पण कॉम्प्युटर आणि भोंगा धड होते. कंपनीचे इंजिनियर रेगे माझ्यासोबत होते. इस्त्रीचा शर्ट, मृदू आवाज. मला आल्या आल्या थंड पेय विचारलं.

"हे ऐका मॅडम," म्हणत त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. भोंगा असा किंचाळला की माझ्या हातातली पर्स पडली. "आता सांगा, ह्यात माणूस जागा होणार नाही?"

"बटण दाबल्यावर वाजला. तापल्यावर वाजतो का?"

"एकच की ते."

"नाही," मी म्हणाले. "बटणाची तार थेट भोंग्याला जाते. तापमान प्रोग्रॅममधून जातं."

मी खुर्चीवर बसले. तापमापीऐवजी हाताने आकडे भरता येतील अशी सोय प्रोग्रॅममध्ये होतीच. आधी दुसऱ्या रिअ‍ॅक्टरला हद्दीबाहेरचा आकडा दिला. भोंगा वाजला. रेगे हसले. मग दुसऱ्याला नेहमीचा आकडा दिला आणि पहिल्याला हद्दीबाहेरचा.

काहीच झालं नाही.

मी आकडा वाढवला. आणखी वाढवला. एखादं भांडं वितळून जाईल इतका वाढवला. फुटक्या खिडकीतून बाहेरच्या कावळ्यांचा आवाज येत होता, तेवढाच. रेगे मघाशी हसले होते, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं.

"परत करा," ते म्हणाले. मी परत केलं.

मग मी प्रोग्रॅम उघडला आणि ती जागा शोधली. शोधायला फार वेळ लागला नाही, कारण मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत तेच बघत आले होते. एकाखाली एक अशा दोन ओळी. मी त्या बघतच राहिले. मग मला इतका आनंद झाला की आज सांगतानाही लाज वाटावी. तो माणूस झोपला नव्हता! माझ्या डोळ्यांपुढे दोन मेलेली माणसं नव्हतीच. मला फक्त खाटेवरचा तो माणूस दिसत होता, आणि आपण त्याला काय सांगणार ते.

"मॅडम," रेगे म्हणाले, "हे समितीपुढे जाण्याआधी आपण एकदा नीट बोलूया."

"ही दुसरी ओळ कुणी घातली?"

"प्रोग्रॅम पुण्याच्या माणसाचा आहे," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले. मी त्यांच्याकडे फार लक्ष दिलं नाही. मला बस पकडायची होती.

विनया मला वॉर्डाबाहेरच्या बाकावर भेटली. आत ड्रेसिंग चालू होतं. मी तिचा हात धरला. मी कुणाचे हात धरणारी बाई नव्हे.

"वाजलाच नव्हता भोंगा," मी म्हणाले. "तुमचे मिस्टर झोपले नव्हते."

तिने आधी डोळे मिटले. मग पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग वाजला का नाय?"

मला समजावून सांगायची सवय. मी तिथेच शिकवायला बसले.

"हे बघा. कॉम्प्युटरच्या भाषेत बरोबरचं चिन्ह असतं ना, ते आपल्या शाळेतलं नव्हे. दोन बाजू सारख्या आहेत असं ते सांगत नाही. ते म्हणतं, उजवीकडचं काढ आणि डावीकडच्या डब्यात ठेव. आणि डब्यात एका वेळी एकच मावतं. नवीन ठेवलं की जुनं गेलं. कळलं?"

"हां."

"आता भोंग्याचा एक डबा आहे. पहिली ओळ बघते, पहिला रिअ‍ॅक्टर तापलाय का. तापला असेल तर डब्यात टाकते, 'वाजव'. लगेच खाली दुसरी ओळ. ती बघते, दुसरा तापलाय का. तो तर गार आहे. मग ती त्याच डब्यात टाकते, 'वाजवू नको'. पहिलीने ठेवलेलं गेलं. सगळ्यात शेवटी भोंगा डबा उघडून बघतो. त्याला काय दिसणार?"

"वाजवू नको," विनया म्हणाली.

"शाब्बास. पूर्वी एकच रिअ‍ॅक्टर होता तेव्हा एकच ओळ होती, सगळं ठीक चालायचं. दुसरा बसवला तेव्हा कुणीतरी पहिल्यासारखीच आणखी एक ओळ खाली लिहिली. तपासताना दुसरा तापवून बघितला असेल, वाजला असेल, खूश झाले असतील. पहिला परत तापवून बघायचं कुणाला सुचलं नाही. तो तर इतकी वर्षं वाजत होता."

बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की तिने हात काढून घेतला आहे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"ती दुसरी ओळ," ती म्हणाली, "ती ह्यांनी लिहिलीय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पुण्याचा माणूस यायला वेळ लागत होता. हे बाजारातल्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकलेले. रेगे साहेबांनी बसवलं ह्यांना. म्हणाले, एका ओळीचं काम, तू कर शिगवण. त्या दिवशी जिलबी घेऊन आले घरी. वाडीत वाटली. इकबालभावजींनी तर ह्यांना खांद्यावर घेतलं नि म्हणाले, आता तू साहेब झालास." ती थांबली. "ते आता नायत."

मी तिच्या शेजारी बाकावर बसले.

"मॅडम, नका सांगू कुणाला," ती एकदम म्हणाली.

"अहो, चूक त्यांची एकट्याची कशी? ज्याने लिहायला बसवलं, ज्याने तपासलं नाही..."

"ते वाडीत राहत नायत." तिचा आवाज खाली गेला. "झोप सगळ्यांना येते. परवा बाबूची आई मला म्हणाली, 'दमला होता गो, डोळा लागला असंल त्याचा.' पोरगा गेला तिचा, तरी माझ्याशी बोलली ती. झोपेला माणूस माफ करतो. उद्या तिला कळलं की ह्यांनी हातानं कायतरी लिहिलं नि त्यानं भोंगा गप झाला, मग बोलंल ती? मला दारात उभी करंल?"

"आणि त्यांना? ते माझी वाट बघतायत."

तिने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. आतून ड्रेसिंग चालू असताना त्याच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"त्यांना सांगा, वाजला नव्हता म्हणून. तेवढं सांगा. वायर जळली म्हणा. आणि बाहेर कुणाला काय सांगू नका. बाहेर झोपलेच होते म्हणू दे."

नवऱ्यासाठी एक गोष्ट आणि वाडीसाठी दुसरी. त्या बाईने बाकावर बसल्या बसल्या हे ठरवलं होतं. मी खोटं बोलत नसे, पण त्या क्षणी तिच्यापुढे माझा खरेपणा मला फुकटचा वाटला. मी होकाराची मान हलवली.

आत गेले. शिगवण दाराकडेच बघत होता.

"भोंगा वाजला नव्हता," मी म्हणाले. "मी स्वतः तपासलं. तुम्ही झोपला नव्हतात."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पट्टीत मुरलं. मग त्याने मान वळवायचा प्रयत्न केला.

"ऐकलंस गो? जागा होतो मी."

"ऐकलं," विनया म्हणाली. "गप पडा आता."

तो कुठला गप्प पडतोय. औषध द्यायला नर्स आली, तिला सांगितलं, "सिस्टर, मी जागा होतो." झाडूवाला आला, त्याला सांगितलं. बोलताना ओठ फाटत होते तरी थांबेना. मी वायरची थाप मारण्याआधीच तिथून सटकले. त्याने कारण विचारलं नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला, मॅडमना बोलवा. मी गेले तेव्हा विनया खाली औषधं आणायला गेली होती.

"मॅडम, वाजला का नाय तो?"

"वायर जळली होती."

"नाय." तो अगदी शांत होता. कालचा तो आनंद कुठेच नव्हता. "वायर तुटली तर पिवळा दिवा लागतो, माझ्या नाकासमोर. मी झोपलेला असतो तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही सांगितलंत, मी जागा होतो. मग दिवा मला दिसला असता. दिवा नव्हता."

मी मांडीवरच्या पर्सचा पट्टा नीट केला.

"पोस्टाची पाकिटं फोडून बघावी तशी मी सकाळपासून एक एक गोष्ट उघडून बघतोय. वायर नाय. भोंगा नाय. तापमापी नवीन. मग राहिलं काय? प्रोग्रॅम राहिला." तो दम घ्यायला थांबला. "बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे एकच मावतं ना?"

मी उठून जायला हवं होतं. पण मी बसूनच राहिले.

"एकच," मी म्हणाले.

"पहिल्या ओळीनं त्यात एक ठेवला, म्हणजे वाजव. मग माझी ओळ आली. तिनं शून्य ठेवला, म्हणजे वाजवू नको. मग तो पहिला एक कुठे जातो?"

अख्ख्या नोकरीत मला हा प्रश्न किती पोरांनी विचारला असेल. उत्तर तोंडपाठ होतं.

"कुठेच जात नाही," मी म्हणाले. "पुसला जातो."

"पुसला जातो," तो म्हणाला.

वॉर्डात पंख्याची खटखट चालू होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून पेज भरवत होती. शिगवण छताकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतोय. नीट ऐकलं तर तो ती ओळ म्हणत होता.

"एकाच ओळीत दोन्ही घ्यायला पाहिजे होते. अलार्म बरोबर, कंसात पहिला हद्दीच्या वर, मग त्या दोन उभ्या रेघा, किंवाच्या, मग दुसरा हद्दीच्या वर. कंस पुरा. अर्धविराम." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आता बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

"आता वाजंल?"

"वाजेल," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. मी परक्यासमोर कधी रडले नव्हते.

तो रडला नाही. "इकबाल नि बाबू गेले ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "कळलं मला. ते असते तर बघायला आले असते. चालता येत नसतं तर निरोप आला असता." मग म्हणाला, "माझा जबाब लिहून घ्या. ओळ मी लिहिली. साहेबांनी सांगितली म्हणून लिहिली. पहिला तापवून कोणी बघितला नाय, मी पण नाय बघितला. हे सगळं लिहा. अर्धं नको."

मी लिहून घेतलं. मी वाचून दाखवत होते तेव्हा विनया आली. हातातल्या बाटल्यांसकट ती दारातच उभी राहिली. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुणी तिला काही सांगायची गरज पडली नाही.

तो त्या आठवड्याअखेरीस गेला. मी पोचले तेव्हा विनया त्याच बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्या दुपारपासून डोळ्याला डोळा लागला नाय त्यांचा. झोपेची सुई दिली, तरी डोळे उघडेच. सारखं आपलं तोंडातल्या तोंडात तेच चाललेलं. मरेपर्यंत जागे होते, मॅडम. तुम्ही सांगितलंत तसे."

मी तिच्या शेजारी बसायला गेले तर ती उठून आत निघून गेली.

समितीचा अहवाल झाला. मी जबाब पूर्ण दिला होता. बैठकीत रेग्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की त्यांनी शिगवणला फक्त टायपिंग करायला बसवलं होतं. जबाबाच्या वेळी रुग्ण शुद्धीवर होता असा डॉक्टरांचा दाखला मी का घेतला नाही, असं अध्यक्षांनी मला विचारलं. अहवालात शेवटी एकच वाक्य आलं. ऑपरेटरने अधिकार नसताना प्रोग्रॅममध्ये बदल केल्यामुळे धोक्याची सूचना बंद पडली. मी सही नाकारली. माझं वेगळं मत चार पानी होतं, ते मागे परिशिष्टात गेलं आणि कुणी वाचलं नाही. वर्तमानपत्रात ते एक वाक्य मात्र छापून आलं. रेग्यांची पुढे बढती झाली.

बाबूच्या आईने विनयाशी बोलणं सोडलं, हे मला त्या भागातल्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. वाडीतल्या विहिरीवर विनया गेली की बाकीच्या बायका घागरी उचलतात, असंही तो म्हणाला.

पावसाळा संपल्यावर एक दिवस विनया तंत्रनिकेतनात आली. तास सुरू व्हायला थोडा अवकाश होता. आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायची पद्धत होती. देवळात काढाव्या तशा तिने त्या काढल्या आणि आत आली. फार वाळली होती.

"मला ती ओळ बघायची हाय," ती म्हणाली.

"कशाला उगाच?"

"सगळे म्हणतात, तिनं माणसं मारली. मी बघितली पण नाय कधी."

मी खडू घेतला आणि फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. जुनी वर, शिगवणची खाली. तिला इंग्रजी अक्षरं लागत होती, पण अर्थ लागत नव्हता. मी एकेका शब्दावर बोट ठेवून सांगितलं.

"ही वरची. पहिला तापला तर वाजव, नाय तर नको. ही बरोबर हाय?" तिने विचारलं.

"बरोबर आहे."

"ही खालची ह्यांची. दुसरा तापला तर वाजव, नाय तर नको."

"हो."

"मग ह्यात चूक दाखवा मला. तुम्ही पोरांच्या चुका काढता ना? काढा ह्यातली."

मी खडू धरून फळ्यापुढे उभी राहिले. तिच्या नवऱ्याच्या ओळीत कंस होते. चिन्हं जागच्या जागी होती. शेवटी अर्धविराम होता. परीक्षेत ती एकटी ओळ आली असती तर मला तिचा एकही मार्क कापता आला नसता. चूक दोन ओळींच्या मधे होती, जिथे काही लिहिलेलंच नव्हतं. तिथे बोट कसं ठेवणार?

"ओळीत चूक नाही," मी म्हणाले.

तिने मान वर केली. भोंगा वाजला नव्हता हे मी तिला बाकावर सांगितलं, त्यानंतर तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"मग मी हे बाबूच्या आयशीला सांगू? मॅडमनी फळ्यावर लिहून बघितली, ओळीत चूक नव्हती, असं सांगू?"

ते खरंही होतं आणि खोटंही होतं, आणि मला दोन्ही ठाऊक होतं. शिगवणने मला सांगितलं होतं, अर्धं नको. पण त्याला वाडीत राहायचं नव्हतं. हिला राहायचं होतं.

"सांगा," मी म्हणाले. "माझं नाव घेऊन सांगा. नाही पटलं तर त्यांना इथे घेऊन या, मी त्यांना दाखवते."

ती हसली नाही, पण तिचे खांदे सैल झाले. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला अर्ध्यातच धरलं. आम्ही दोघी क्षणभर तशाच उभ्या राहिलो. मला बरं वाटत होतं. फार दिवसांनी बरं वाटत होतं. मग ती वळली.

तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मुलं आत यायला लागली. दुसऱ्या वर्षाची मुलं, त्यांना हे सगळं नुकतंच शिकवलेलं. मी फळा पुसायला डस्टर शोधत होते. पहिल्या बाकावर बसणारी एक हुशार मुलगी फळ्याकडे बघत बघतच जागेवर जाऊन बसली, आणि मी विचारलं नसताना, मला आवडेल म्हणून, मोठ्याने म्हणाली, "मॅडम, ही खालची ओळ चुकलीय ना? वरचीचं सगळं पुसून टाकते ती. पहिल्याचा अलार्म कधी वाजणारच नाही."

विनया दाराबाहेर वाकून चपला घालत होती. ती तशीच वाकलेली राहिली.